क्रूझवरच्या ‘फॉर्मल नाइट’साठी कपडे काय न्यायचे?

मोगरा | ११ मे

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण अलास्का क्रूझला चाललो आहोत. मी, नवरा, मुलगी (११), मुलगा (८) आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. सॅन होजेहून विमानाने सिअ‍ॅटल, तिथून बोट. जुनो, स्कॅगवे, केचिकॅन, शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि परत सिअ‍ॅटल. सात रात्री.

कालच बोटीच्या कंपनीची ईमेल आली. सातपैकी दोन रात्री ‘फॉर्मल’ आहेत म्हणे. पुरुषांनी सूट किंवा टक्सीडो, बायकांनी इव्हिनिंग गाऊन वगैरे. नवऱ्याकडे एक सूट आहे, त्याची काळजी नाही. प्रश्न बाबांचा आहे. बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात टाय बांधलेला नाही आणि आता बांधणारही नाहीत. त्यांच्याकडे एक काळा बंद गळ्याचा लोकरी कोट आहे. १९८९ साली जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार घ्यायला शिवला होता. अजून बसतो. त्यांचं म्हणणं, “या कोटावर जेवायला वाढत असतील तर येतो, नाहीतर मी खोलीत दहीभात खाईन.”

आईची पैठणी इथेच आहे, कारण मागच्याच महिन्यात मुलाची मुंज झाली. ती न्यायची खूप इच्छा आहे, पण समुद्र, खारी हवा, हलणारी बोट या सगळ्यात नेऊ की नको अशी तिची घालमेल चालली आहे.

तर प्रश्न असे. भारतीय पोशाख चालतो का? पैठणी न्यावी का? इस्त्रीचं काय करता? आणि प्रत्येकी एकच बॅग न्यायची आहे, त्यात थंडीचे कपडेही बसवायचे आहेत, ते कसं जमवू? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

---

लिंबूपाणी | ११ मे

बाबांचा कोट! बाकी काही माहीत नाही, पण माझं मत कोटाला.

---

भटकभवानी | ११ मे

मोगरा, आत्तापर्यंत सात क्रूझ झाल्या, त्यातल्या दोन अलास्काच्या. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, भारतीय पोशाख नुसता चालत नाही, मानाने चालतो. क्युनार्ड ही कपड्यांच्या बाबतीत सगळ्यात कडक कंपनी. त्यांच्या क्वीन मेरी २ वर सदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा सात रात्रींच्या प्रवासात ‘गाला इव्हिनिंग’ असतात आणि संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बहुतेक भागात फॉर्मल पोशाख पाळावा लागतो. त्यांच्याही नियमात टक्सीडो आणि गडद सूटच्या जोडीला राष्ट्रीय पोशाख लिहिलेला आहे. स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात, जपानी बायका किमोनो घालून येतात. बंद गळ्याचा काळा कोट तर त्यापुढे अगदी सरळ फॉर्मल. बाबांना सांगा, दहीभात खोलीत मागवू नका.

दुसरं, अलास्काच्या बोटी या बाबतीत कॅरिबियनपेक्षा सैल असतात. लोक दिवसभर पावसात, थंडीत फिरून येतात, त्यामुळे गडद पँट, चांगला शर्ट आणि जाकीट एवढ्यावर बरेच जण भागवतात. कंपनीगणिकही फरक आहे. नॉर्वेजियनवर फॉर्मलची सक्ती मुळात नाहीच. सेलिब्रिटीने ‘फॉर्मल नाइट’ हे नाव काढून ‘इव्हिनिंग शिक’ केलं. प्रिन्सेसवर अजून फॉर्मल म्हणतात. तुमची कंपनी कोणती ते पाहून तिच्या साइटवरचं पान नीट वाचा, ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

इस्त्री: न्यायची नाही. खोलीत इस्त्री आणि वाफेचा स्टीमर दोन्हीला बंदी असते, कारण बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची. बॅगा एक्स-रेमधून जातात, दिसली की काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. काही बोटींवर प्रवाशांसाठी धुलाईखोली असते, तिथे इस्त्रीची फळी मिळते. रॉयल कॅरिबियनवर ती सोय नाही. नसेल तर कपडे बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडायचा. लोकरी कोटाच्या सुरकुत्या त्याने जातात. सुती कपड्याच्या जात नाहीत.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. खोलीच्या भिंती पोलादी असतात, म्हणजे त्यांना चुंबक चिकटतो. चुंबकाचे हुक आठ-दहा न्या. कपाट एवढंसं असतं, पण भिंती चार असतात. ओली जाकिटं, साड्या, मुलांच्या टोप्या, सगळं भिंतीवर.

---

पिंपळपान | ११ मे

मला हा सगळा प्रकार पटत नाही. सुट्टीवर जायचं, स्वतःचे पैसे भरायचे आणि वर कोणीतरी सांगणार की जेवायला काय घालून यायचं! आम्ही फॉर्मलच्या दोन्ही रात्री वरच्या मजल्यावर बुफेत जेवलो. तिथे काही नियम नाही. गर्दी कमी, खिडकीशी जागा, बाहेर हिमनदी. मोगरा, बाबांना उगाच ताण देऊ नका. कोटही नको नि काही नको.

---

घाटमाथा | ११ मे

पिंपळपान, असहमत. बुफेत जेवणं हा तुमचा हक्क, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुख्य हॉलमध्ये यायचं असेल तर तिथली रीत पाळावी. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या टेबलावर एक जण बास्केटबॉलची बनियन घालून बसला होता आणि त्याच्या मागच्या टेबलावर लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करणारं जोडपं. आजींनी मोत्यांचे दागिने घातले होते. त्यांच्या प्रत्येक फोटोत तो मागे आला असेल. आपल्याकडे लग्नाला जाताना आपण बरे कपडे घालतो ते काही कोणी सक्ती केली म्हणून नाही. समोरच्याच्या आनंदाचा मान ठेवायचा असतो.

---

पिंपळपान | ११ मे

लग्नाचं आमंत्रण फुकट असतं हो. :)

---

घाटमाथा | ११ मे

आहेर कोण करतं मग? :)

---

टाकेटुके | १२ मे

मोगरा, पैठणीबद्दल मी लिहिते. दादरला तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, साड्यांचं बरंवाईट खूप पाहिलंय.

पैठणी न्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टींनी तिचं नुकसान होतं: घाम, अत्तर आणि एकाच जागी पडलेली घडी. चौथी तुमच्या बाबतीत खारी हवा. उघड्या डेकवर वारा असताना तुषार येतात, ते जरीवर बसले की जर काळी पडायला लागते. म्हणून पैठणी फक्त आत, जेवणाच्या हॉलमध्ये नेसायची. डेकवर फोटो काढायचा मोह होणार, तो आवरायचा.

नेताना हँगरला लावायची नाही, वजनाने जरीकाठ ओढला जातो. जुन्या धुतलेल्या मऊ सुती साडीचा तुकडा घ्या, त्यात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगते, पुठ्ठ्याची जाड नळी आणा, तिच्यावर सुती कापड गुंडाळा आणि मग साडी लांबीच्या दोन घड्या घालून त्यावर गुंडाळत जा. आडवी घडी पडतच नाही. बॅगेत मधोमध ठेवा, भोवती स्वेटर लावा. आणि डांबराच्या गोळ्या जरीजवळ कधीच नकोत.

अत्तर लावायचं असेल तर आधी लावा, वाळू द्या, मग साडी नेसा.

पण आईंना एक विचारा. त्यांना तिथे पैठणीची काळजी करत बसायचंय की मजेत जेवायचंय? इरकल, क्रेप सिल्क, जॉर्जेट यांना काही होत नाही. क्रेप तर चुरगळून कोंबली तरी रात्री टांगली की सकाळी सरळ. मुंजीतली पैठणी बघून झालीय सगळ्यांची. तरीही नेसावीशी वाटली तर न्या, साडी कपाटात ठेवायला घेतलेली नसते.

---

मोगरा | १२ मे

भटकभवानी, टाकेटुके, किती मोलाचं लिहिलंत! आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. चुंबकाचे हुक मागवले. नळीचं वाचून बाबा लगेच गॅरेजमध्ये शोधायला गेले आणि गिफ्ट रॅपिंगच्या कागदाची नळी घेऊन आले.

बाबा म्हणतात, किल्ट चालतो तर धोतरही चालायला हवं. आता कोटाखाली धोतर नेसायचं त्यांच्या मनात आहे. हे जरा जास्त होईल का?

---

लिंबूपाणी | १२ मे

धोतर + काळा कोट. जुन्या फोटोंमधले पणजोबा असेच दिसतात. प्लीज फोटो टाका.

---

शब्दवेडा | १२ मे

अजिबात जास्त होणार नाही. उलट बाबांना ही एक गंमत सांगा. टक्सीडोवर पुरुष कमरेला जो रेशमी चुणीदार पट्टा बांधतात, त्याला ‘कमरबंड’ म्हणतात. शब्द आपलाच आहे, फारसीतून आलेला ‘कमरबंद’. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उकाड्यात वेस्टकोट नको म्हणून तो उचलला आणि तिकडे नेला. टक्सीडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या वस्तीवरून पडलं, साल १८८६. म्हणजे त्यांच्या सगळ्यात फॉर्मल पोशाखाची कंबर आपल्या शब्दाने बांधलेली आहे. त्या मानाने धोतराला कोणाची परवानगी लागू नये.

अवांतर: पायजमाही इथूनच गेला, पण तो घालून जेवायला जाऊ नका, तिकडे त्याचा अर्थ झोपायचे कपडे असा झालाय. लेंगा नेणार असाल तर झब्बा लांब आणि कडक इस्त्रीचा हवा.

---

कोपरखळी | १२ मे

इंग्रजीतला ‘पॉश’ हा शब्दही आपल्या बोटींवरूनच आला ना? मुंबईला येताना डावीकडची खोली, इंग्लंडला परतताना उजवीकडची, कारण त्या बाजूला ऊन कमी. श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, येताना उजवी बाजू) या चार शब्दांची आद्याक्षरं छापलेली असायची असं ऐकलंय.

---

शब्दवेडा | १२ मे

गोष्ट सुंदर आहे, पण खरी नाही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही आणि शब्दकोशकारांनी ही व्युत्पत्ती कधीच बाद केली आहे. कमरबंद मात्र पक्का.

---

इंजिनरूम | १३ मे

मोगरा, मी रत्नागिरीचा. मर्चंट नेव्हीत २६ वर्षं काढली, मालवाहू बोटींवर. आमच्याकडेही ‘रेड सी रिग’ नावाचा प्रकार होता. तांबड्या समुद्रात इतका उकाडा की जाकीट घालून जेवणं अशक्य, म्हणून ब्रिटिश बोटींवर जाकीट काढून पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी पँट आणि तोच कमरबंद, एवढ्याला फॉर्मल मानायला सुरुवात झाली. सांगायचा मुद्दा, समुद्रावरचे कपड्यांचे नियम नेहमीच हवेप्रमाणे वाकत आलेत.

पण मला दुसरंच सांगायचंय. तुम्ही सिअ‍ॅटलहून निघताय. सिअ‍ॅटलच्या बोटी बहुतेक वेळा व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकूव्हरहून निघणाऱ्या बोटी बेटांच्या आडून शांत पाण्यातून जातात. म्हणजे तुमचा दुसरा दिवस उघड्या समुद्रात जाणार आणि पहिली फॉर्मल रात्र बहुतेक त्याच दिवशी असते, कारण त्या दिवशी बंदर नसतं. बोट डुलणार. तेव्हा:

उंच टाचा नकोत, कोणालाच. आईंना चपटी, मागे पट्टा असलेली चप्पल द्या. कोल्हापुरी छान दिसते, पण तिचा चामड्याचा तळ ओल्या डेकवर साबणासारखा घसरतो. ती फक्त आत गालिच्यावर.

साडीला नेहमीपेक्षा चार पिना जास्त लावा आणि निऱ्या बोटभर वर घ्या. जिन्यात एक हात कठड्याला असतो, निऱ्या सावरायला हात उरत नाही.

मळमळणार असेल तर गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची. आईंचं वय पाहता कुठली घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

आणि आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा काढलात ना? व्हिक्टोरियाला बोट काही तासच थांबते, पण भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. बोट तिथे हौसेने थांबत नाही. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन वाटेत परदेशी बंदर केल्याशिवाय परत तिथेच आणता येत नाही, असा अमेरिकेचा जुना कायदा आहे.

---

शब्दवेडा | १३ मे

इंजिनरूमकाका, तो कायदाही १८८६ चाच! टक्सीडो आणि व्हिक्टोरियाचा थांबा एकाच वयाचे.

---

मोगरा | १३ मे

काका, व्हिसा मार्चमध्येच काढला, पण तुम्ही विचारल्यावर पुन्हा उठून पासपोर्ट उघडून पाहिला. :) दुसऱ्या रात्रीचं अजिबात माहीत नव्हतं. मी तर पैठणी पहिल्या फॉर्मलला ठरवली होती.

---

साखरआंबा | १४ मे

मी फारशी लिहीत नाही इथे, वाचते. वय ७८, मालवणची.

आमच्या लहानपणी बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी पणजीची बोट. सकाळी धक्क्यावर रांग, डेकवर वळकटी टाकायला जागा धरायची, डब्यात दशम्या. मालवणला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यायचं, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. पुढे ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ने गेलेय कितीदा. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा बोटीसाठी चांगले कपडे कोणी घालत नसे, ते ट्रंकेत असायचे, उतरल्यावर घरी जाताना घालायचे.

सहा वर्षांपूर्वी मुलाने आम्हां दोघांना सिंगापूरहून क्रूझवर नेलं. यजमानांना सुटाबुटाची सवय नव्हती. त्यांनी मुलाच्या लग्नातला मोतिया रंगाचा झब्बा घातला, वर जाकीट. मी नारायणपेठ नेसले होते. बोटीवरचा फोटोग्राफर जिन्यापाशी उभा होता, त्याने आम्हांला थांबवलं. यजमान नको नको म्हणत होते, फोटो महाग असतात म्हणून. मुलाने ऐकलं नाही. पुढे दोन वर्षांनी हे गेले. घरात लावलाय तो हाच फोटो.

मोगरा, बाबांना कोट घालू दे, धोतर नेसू दे, आईला हवी ती साडी नेसू दे. आणि फोटो काढून घे.

---

पिंपळपान | १४ मे

साखरआंबा आजी, नमस्कार. बुफेबद्दलचं माझं मत कायम आहे, पण पुढच्या वेळी एक रात्र खाली जाऊन बायकोबरोबर फोटो काढेन.

---

भटकभवानी | १४ मे

आजी, डोळे भरून आले.

मोगरा, बॅगांचं राहिलं होतं. विमानात एका बॅगेला २३ किलो मिळतात, पण तेवढे भरू नका. अलास्काला थरांचे कपडे लागतात: आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पावसाचं जाकीट. जाडजूड जाकीट अंगावर घालून विमानात बसा, तेवढीच जागा वाचते.

फॉर्मलसाठी प्रत्येकाचा एकच मुख्य कपडा ठरवा आणि दुसऱ्या रात्री फक्त वरचं बदला. नवऱ्याला एक गडद सूट, दोन शर्ट, दोन टाय. सूटचा कोट नेताना एक खांदा उलटा करून दुसऱ्यात घाला, अस्तर बाहेर आणा, ड्रायक्लीनवाल्याच्या पातळ पिशवीत घालून सैल गुंडाळा. पिशवीमुळे कापड घसरतं, घडी बसत नाही. काळे बूट एकच जोडी, आत मोजे भरून.

मुलांना नवं काही घेऊ नका. मुंजीतले कपडे आहेत की! मुलीला खणाचा परकर-पोलका, मुलाला झब्बा-जाकीट. आमच्या मुलीच्या परकर-पोलक्याचं अख्ख्या बोटीवर कौतुक झालं होतं.

आईंना साडीखाली परकराऐवजी उबदार लेगिंग द्या आणि एक शाल. जेवणाच्या हॉलमध्ये एसी असतोच.

सगळ्यात महत्त्वाचं, हँडबॅग. बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या खोलीपाशी कधी दुपारी येतात, कधी रात्री. औषधं, पासपोर्ट, चष्मे आणि संध्याकाळचा एक जोड जवळ ठेवायचा. शेवटच्या रात्रीही उलटं. बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी सगळ्या पँटा बॅगेत भरून पाठवल्या आणि सकाळी मुलाची पँट मागायची वेळ आली.

---

लिंबूपाणी | १४ मे

मुलाची पँट बसली का पण?

---

भटकभवानी | १४ मे

लांबीला बसली. :)

---

नाचणी | १५ मे

मध्येच विचारते, कॉर्डेलियाच्या मुंबई-गोवा बोटीवर असं काही लागतं का? आम्ही दिवाळीत चाललोय.

---

घाटमाथा | १५ मे

बॅलार्ड पिअरहून आम्ही गेलो होतो. दोन रात्रींचं प्रकरण, वातावरण लग्नघरासारखं. लोक संध्याकाळी नटतात, पण हौसेने. एक चांगला कुर्ता किंवा ड्रेस पुरे. शाकाहारी, जैन सगळं मिळतं. एकच बॅग न्या.

मोगरा, तुमच्या बाबांच्या धोतराला माझंही अनुमोदन. मी रीत पाळा म्हणालो त्याचा अर्थ त्यांचाच कपडा घाला असा नव्हता. पुरस्कार घ्यायला शिवलेला कोट बाबांनी जेवणासाठी काढला, यापेक्षा त्या जेवणाचा आणखी मान काय ठेवायचा?

---

मोगरा | २४ जून

आलो मंडळी! धागा वर आणतेय, कारण तुम्हां सगळ्यांना सांगायलाच हवं.

पहिल्या दिवशी बॅगा रात्री नऊला आल्या. भटकभवानीचं ऐकून एक जोड जवळ होता म्हणून सहाही जण व्यवस्थित जेवलो. शेजारच्या खोलीतलं कुटुंब अंघोळीच्या टॉवेलात बसलं होतं.

दुसरा दिवस काकांनी सांगितला तस्साच. बोट संथपणे डुलत होती आणि आई सकाळपासून आडवी. पहिली फॉर्मल नाइट तिने पाहिलीच नाही. नवरा मुलांना घेऊन खाली गेला. बाबा धोतर, कोट, टोपी असे तयार झाले होते, पण आईला एकटं सोडून जाईनात. मग मी त्यांना सांगितलं की वरून हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं घेऊन या, बोटीवर मळमळीला तेच देतात. बाबा त्याच वेशात बुफेत गेले. अर्ध्या तासाने आले ते ताट घेऊन, बरोबर एक कर्मचारी मुलगा. मुलगा वसईचा. बाबांना लांबून पाहूनच त्याने विचारलं होतं, “सर, तुम्ही शाळेत होतात का?” त्याच्या शाळेतले मुख्याध्यापक असाच कोट घालायचे म्हणे. त्याने आईसाठी साधा भात आणि दही आणलं होतं. म्हणजे बाबांनी शेवटी खोलीत दहीभात खाल्लाच, पण कोट घालून!

पैठणी आम्ही नेली नाही. निघायच्या आदल्या दिवशी आईने स्वतःच नळीवरून सोडवून ठेवली, म्हणाली, “तिच्याकडे बघत बसेन, हिमनदीकडे बघणार नाही.” दुसऱ्या फॉर्मलला ती जांभळी क्रेप सिल्क नेसली, आत लेगिंग, अंगावर शाल. त्या भागात जूनमध्ये रात्री नऊलाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतर डेकवर फोटो काढता आला. मागे बर्फाचे डोंगर. पैठणी असती तर टाकेटुकेंचा धाक आठवून आतच थांबलो असतो. साखरआंबा आजी, जिन्यापाशी फोटोग्राफरकडूनही काढून घेतला, किंमत न बघता. मोठा करून सांगलीला पाठवणार आहे.

कोटाची खरी गंमत पुढे झाली. जुनोला मेंडेनहॉल हिमनदी पाहायला गेलो तेव्हा पाऊस आणि बोचरा वारा. आम्ही सगळे महागडी जाकिटं घालून कुडकुडत होतो. बाबांनी पावसाच्या जाकिटाखाली तो लोकरी कोट चढवला होता. म्हणाले, “एकोणनव्वद सालची लोकर आहे, हिला काय होतंय.” नंतरचे चारही दिवस कोट अंगावरून उतरला नाही. तिसरं बटण स्कॅगवेला तुटलं, ते आईने खोलीत बसून शिवलं. सुई-दोऱ्याचं कोणी लिहिलं नव्हतं इथे, ते यादीत घाला.

---

टाकेटुके | २४ जून

सुई-दोरा विसरले मी! तीस वर्षं शिवतेय आणि तेच राहिलं लिहायचं. आईंना सांगा, बटणाखाली आतून छोटं बटण लावून घ्या, जुन्या लोकरीला आधार मिळतो.

---

इंजिनरूम | २५ जून

वसईचा मुलगा भेटला हे वाचून बरं वाटलं. वसई-गोव्याची पोरं जगातल्या सगळ्या बोटींवर असतात. वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर. बाबांनी त्याला चार शब्द मराठीत बोलले असतील ना?

---

मोगरा | २५ जून

काका, चार नाही हो, रोज. शेवटच्या दिवशी बाबांनी त्याच्या आईला फोन लावायला सांगितला आणि तिच्याशी बोलले, मुलगा नीट जेवतो-खातो म्हणून.

---

लिंबूपाणी | २५ जून

धोतरातला फोटो???

---

मोगरा | २६ जून

बाबांची परवानगी मागितली, नाही म्हणाले. वर्णनावर समाधान मानून घे.

नाचणी, आणि आणखी कोणाला हवे असतील तर, चुंबकाचे दहा हुक माझ्याकडे पडून आहेत. सॅन होजेच्या आसपास असाल तर येऊन घेऊन जा. पुठ्ठ्याची नळी मात्र आई सांगलीला घेऊन चालली आहे.